पोटातली रेघ

सर्जन मानेतल्या नसेबद्दल बोलत होते, धाकटी मान डोलवत ऐकत होती, आणि थोरलीचं लक्ष मात्र सर्जनच्या डोक्यामागच्या भिंतीवर गेलं, तिथेच सगळं बिनसलं. एरवी अशा ठिकाणी ती भिंतीकडे बघायचं टाळायची. डॉक्टर, वकील, दाताचे डॉक्टर, कुणाकडेही गेलं की भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र असायचंच, त्यावर ते जाड, टोकदार, काळं अक्षर असायचंच, आणि अक्षर दिसलं की तिला माणसाचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं. "आवाजाची ही नस दोऱ्याएवढी बारीक असते," सर्जन सांगत होते, "आणि तुमच्या गळ्यातल्या गाठीच्या अगदी मागून जाते. आम्ही जपूनच काम करतो. पण शंभरात एकदोघांचा आवाज बसतो तो बसतोच, हे मला आधी सांगायला हवं." धाकटीनं घोगऱ्या आवाजात विचारलं, "म्हणजे वर्गात शिकवता येणार नाही?" सर्जन म्हणाले, "येईल. बहुतेक येईल. पण गाठ वाढतेय, थांबण्यात फायदा नाही. गुरुवारी करून टाकू." प्रमाणपत्रावरच्या त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर रोमन डी होतं. भलामोठा, डौलदार डी, आणि त्याच्या पोटात एक बारीक तिरकी रेघ. वरून निघालेली, खाली टेकायच्या आधी डावीकडे किंचित वळून थांबलेली. ती रेघ तिची होती. आठ वर्षांपूर्वी ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, तिनं स्वतःच्या हातानं काढलेली. त्याआधी कुणाच्याही डीच्या पोटात अशी रेघ तिनं पाहिली नव्हती. आणि प्रमाणपत्राखालची तारीख पंचवीस वर्षांपूर्वीची होती. "ताई, तुला काही विचारायचंय का?" धाकटी म्हणाली. थोरलीची नजर भिंतीवरून हलली नाही. "नाही," ती म्हणाली. धाकटीला तपासायला पडद्याआड नेलं, तेव्हा तिनं घाईघाईनं फोन काढून त्या चौकटीचा फोटो घेतला.

बाबा एका मोठ्या शिक्षणसंस्थेत प्रमाणपत्रांवर नावं लिहायचे. बाकी मजकूर छापलेला असे, नावापुरती जागा कोरी सोडलेली. ती भरणं एवढीच नोकरी, आणि ती त्यांनी एकतीस वर्षं केली. तळमजल्यावर उत्तरेकडच्या खिडकीपाशी त्यांचं उतरतं टेबल होतं. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती तिथे जाऊन बसे आणि बोरू कापडाला पुसल्याचा वास घेई. या अक्षरशैलीला ब्लॅकलेटर म्हणतात हे बाबांना ठाऊक होतं, पण ते 'काळं अक्षर' म्हणायचे. त्यात गोलाई अशी नसतेच. जिथे हात सहज वळेल तिथे तो मोडायचा, कोपरा काढायचा. सगळ्या उभ्या रेघा एका जाडीच्या, एका अंतरावर, कुंपणाच्या फळ्यांसारख्या, आणि प्रत्येकीच्या पायाशी पत्त्यातल्या चौकटीसारखा एक ठिपका. दुरून पान विणलेल्या कापडासारखं दिसतं, जवळून वाचताना डोळे मेटाकुटीला येतात. "वाचायला सोपं हवं असेल तर टाइप करून घ्या म्हणावं," बाबा म्हणायचे, "हे अक्षर वाचायला नसतं, मानायला असतं." मोठ्या अक्षरांच्या पोटात इतर लेखनिक रेघा, वेलबुट्ट्या काढत. बाबांच्या डीचं पोट रिकामं असायचं. सगळं पान इतकं काळं, डोळ्याला टेकायला कुठे जागा नको? हा त्यांचा नियम, आणि नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, स्वतः कॉम्प्युटरची अक्षरं बनवणाऱ्या कंपनीत जुनी झाल्यावर, तिनं त्यांच्या वह्यांवरून फॉन्ट केला आणि त्याला बाबांचंच नाव दिलं. फक्त डीच्या पोटात ती एक रेघ घातली. का घातली, ते तिला सांगता आलं नसतं. पडद्यावर ते पोट फार उघडं वाटलं आणि हातानं आपोआप रेघ ओढली, इतकंच. आपली म्हणून एवढी एकच खूण, असं तिनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं.

दवाखान्याबाहेर पडल्यावर धाकटीला चालावंसं वाटत होतं, म्हणून दोघी चालत निघाल्या. कोपऱ्यावरच्या बारची पाटी त्याच फॉन्टमध्ये होती, आणि तीही सगळी मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत. काळ्या अक्षरातली मोठी अक्षरं एकापुढे एक लावायची नसतात, सगळेच सरदार आणि शिपाई कुणीच नाही असं होतं. पण ज्यानं पाटी केली त्याला हे सांगणार कोण? "बघ," धाकटी म्हणाली, "बाबा आता दारू विकतायत." ती स्वतःच्याच विनोदाला हसली, हसता हसता तिला ठसका लागला आणि हसणं गाठीपाशी अडकलं. आठ वर्षांत हे अक्षर कुठे कुठे गेलं होतं! पार्सल पोचवणाऱ्या माणसाच्या दंडावर त्याच्या मुलीचं नाव गोंदलेलं, ते यातच. वर्तमानपत्राचं शीर्षक, थडग्यावरची तारीख, केक, साबणाचं वेष्टन, फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध' अशी इंग्रजी पाटी. कोण मेलं, कोण जन्मलं, कोण पास झालं आणि कोण चावतो, सगळं एकाच डौलात. जुनं, भारदस्त, खरं वाटायला हवं असेल की लोक हेच उचलत. एकदा एका मोर्च्यात, परक्यांना हाकलून द्या म्हणणारा फलक तिला या अक्षरात दिसला होता, बाबांच्या हातचा तो डौलदार एच आणि पुढे ते विष, तेव्हा तिला दोन दिवस अन्न गेलं नव्हतं. आणि खोटी प्रमाणपत्रं बनवणारेही हाच फॉन्ट वापरतात, हे तिला ठाऊक होतं. ऑफिसात दोनदा चौकशीची पत्रं आली होती. तिनं उत्तरात लिहिलं होतं की एकदा विकलेल्या अक्षरांचं लोक काय करतात याला आम्ही जबाबदार नाही. "तो डॉक्टर मला आवडला," धाकटी म्हणाली, "आधीच सांगून टाकलं बिचाऱ्यानं." बिचारा! गुरुवारी हा माणूस धाकटीच्या गळ्यावर सुरी ठेवणार होता.

दुपारी ऑफिसात तिनं तो फोटो मोठा करून पडद्यावर लावला आणि शेजारी आपला फॉन्ट उघडला. हातानं लिहिलंय की छापलंय हे ओळखायची एक साधी परीक्षा असते. एकच अक्षर नावात दोनदा आलेलं शोधायचं. माणसाचा हात दोनदा सारखं लिहीत नाही, यंत्र लिहितं. सर्जनच्या आडनावात एन दोनदा होता. तिनं दोन्ही एन एकमेकांवर ठेवून पाहिले आणि ते जुळले नाहीत. सुटकेचा श्वास घेणार तोच तिला आठवलं, आणि ती खुर्चीत मागे टेकली. फॉन्ट करताना तिनंच प्रत्येक अक्षराची तीन तीन रूपं काढली होती, आळीपाळीनं आपोआप येतील अशी, म्हणजे बघणाऱ्याला हातच वाटावा. त्या कौशल्याबद्दल तिला बक्षीस मिळालं होतं, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं तोंडभर हसून टाळ्या वाजवल्या होत्या. आता हात दाखवून अवलक्षण झालं होतं. खऱ्याखोट्याची जी एकच परीक्षा होती, ती तिनंच मोडून ठेवली होती. फोटोत काचेची चकाकीही आलेली, त्यामुळे कडा नीट दिसत नव्हत्या. अमुक रूप फॉन्टमधलंच, असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. पण रेघ? रेघ तर होतीच. मूळ हरवलं म्हणून नवी प्रत घेतली असेल, असंही तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण नव्या प्रतीवर तसा शिक्का असतो, इथे नव्हता. सरळ उपाय होता, संस्थेला फोन करून त्या वर्षाच्या यादीत हे नाव आहे का विचारायचं. तिनं नंबर शोधला, कागदावर लिहून घेतला आणि तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. ते वर्ष तिला उघडायचं नव्हतं. इतर कुठलंही वर्ष असतं तर तिनं एव्हाना फोन केला असता, हे तिला पक्कं कळत होतं, आणि धाकटीचा गळा एका पारड्यात असताना आपण दुसऱ्या पारड्यात काय ठेवतोय याची तिला लाज वाटली.

बाबांचा हात शेवटपर्यंत हलला नाही, असं घरात म्हणत. धाकटी दरवर्षी नव्या वर्गाला ही गोष्ट सांगायची: माझे वडील मरायच्या आदल्या महिन्यापर्यंत चारशे नावं लिहीत होते, एकही डाग नाही, आणि तुम्हाला एक पान नीटनेटकं लिहिता येत नाही? खरी गोष्ट थोरलीला आणि बाबांनाच माहीत होती. त्या शेवटच्या वर्षी बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. ते हात खिशात ठेवत, किंवा मूठ वळून मांडीखाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते तिनं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. कसंबसं करून त्यांनी साडेतीनशेच्या आसपास नावं लिहिली आणि एका संध्याकाळी उरलेली प्रमाणपत्रं कापडात गुंडाळून घरी आणली. संस्थेला त्यांचंच अक्षर हवं होतं. दुसऱ्या कुणी लिहिलं तर चालत नसे, तसा कागदच त्यांनी नोकरीला लागताना सही करून दिला होता. ती बावीस वर्षांची होती आणि त्यांचं अक्षर त्यांच्याइतकंच काढायची. दोघांत एका शब्दानंही ठरलं नाही. आई धाकटीला घेऊन चार दिवस मावशीकडे गेली होती. बाबांनी टेबलावर बोरू तिच्या बाजूला सरकवला आणि यादी हातात घेतली. ते डोळे मिटून खुर्चीत मागे टेकत, एक नाव वाचत, आणि बोरूचा आवाज थांबला की म्हणत, "पुढचं." बरं झालंय का, सरळ आलंय का, काही विचारत नसत. एकदाही त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. साठ नावं, चार दिवस, आणि त्या चार दिवसांत नावांखेरीज बाप-लेकीत बोललेला एकच शब्द, पुढचं. तिनं प्रत्येक डीचं पोट रिकामं ठेवलं होतं, याची तिला पक्की खात्री होती. बाबांचं सोंग घ्यायचं तर त्यांच्या नियमानंच घ्यायला हवं होतं.

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. धाकटी पलंगावर दवाखान्याची पिशवी भरत बसली होती. टॉवेल, चपला, वह्यांचा एक गठ्ठा. "वह्या कशाला?" "पडल्या पडल्या तपासीन. बोलायची बंदी आहे, लाल शाईची नाही." ती पलंगाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "तिथे करू नकोस ऑपरेशन. दुसरं कुणीतरी बघू." धाकटीचा हात पिशवीत तसाच राहिला. "का?" "मला तो माणूस खरा वाटत नाही." "खरा नाही म्हणजे?" तिनं प्रमाणपत्राचं सांगितलं, फॉन्टचं, रेघेचं, तारखेचं, यादीतल्या साठ नावांचं सांगितलं नाही. धाकटी ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. "ताई, दुसरीकडे दोन महिन्यांनी नंबर लागेल. परवा रात्री मला गिळता येत नव्हतं. तुला ठाऊक आहे ना?" "ठाऊक आहे." "आणि तू म्हणतेस एका रेघेवरून तो भामटा?" "रेघ माझी आहे. मी माझी रेघ ओळखणार नाही का?" बोलताना धाकटीला दर दोन वाक्यांनी थुंकी गिळावी लागत होती. मग तिनं वह्यांचा गठ्ठा पिशवीत दाबून बसवला आणि चेन ओढली. "तुझं हे नेहमीचंच," ती म्हणाली, "लांबून बघायचं आणि मनात कुढत बसायचं. उद्या सकाळी आपण जाऊ आणि त्यांनाच विचारू. खोटं असेल तर तोंडावरून कळेल." "असं कसं विचारायचं?" "जसं मुलांना विचारते तसं. हे तू लिहिलंस का, म्हणून."

दुसऱ्या दिवशी सर्जन धावपळीत होते, तरी आत घेतलं. धाकटीनं आदल्या दिवशीचा सगळा जोर आणला होता, पण समोर बसल्यावर तिचीही जीभ अडखळली. "आमचे वडील त्या संस्थेत नावं लिहायचे," ती म्हणाली, "ताईला तुमचं प्रमाणपत्र जवळून बघायचंय." "एवढंच ना?" सर्जन उठले, त्यांनी चौकट खिळ्यावरून काढली आणि बाहीनं वरची धूळ पुसली. "मी कधी नीट बघितलेलं नाही हो, खरं सांगतो. भिंतीवर आहे तर आहे." मागचे खटके उघडून त्यांनी कागद काढला आणि थोरलीच्या हातात दिला, इतक्या सहज, की तिथेच तिला आपली चूक कळायला हवी होती. ती तो घेऊन खिडकीशी गेली आणि डोळ्यांच्या पातळीला धरून तिरका केला. छापलेली शाई कागदात सपाट बसलेली असते. ही शाई वर उठून दिसत होती. रेघेच्या शेवटी शेवटी बोरू उचलताना साचलेले थेंब होते, वाळलेले, पंचवीस वर्षांचे. आणि डीच्या पोटात, त्या बारीक रेघेखाली, कागदाची लकाकी गेलेली होती. करंगळीच्या नखाएवढी जागा, खरवडलेली, नंतर नखाच्या पाठीनं घासून बसवलेली. रेघ तिथे किंचित फुटली होती, कारण खरवडलेला कागद शाई पितो. तिनं तिथे बोट ठेवलं आणि बोटाला ते आधी कळलं.

त्या चार दिवसांतला तिसरा दिवस होता. बाबांनी नाव वाचलं, तिनं डी काढला, आणि बोरूच्या टोकावरून शाईचा एक थेंब नेमका त्या रिकाम्या पोटात पडला. कोरं प्रमाणपत्र मोजून दिलेलं, दुसरं मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तिनं शाई वाळू दिली, ब्लेड घेतलं आणि खरवडायला लागली. खर्र, खर्र, शांत घरात तो आवाज केवढा तरी मोठा येत होता. बाबा हातभर अंतरावर डोळे मिटून बसले होते. डाग फिकट झाला, पूर्ण गेला नाही. म्हणून तिनं त्यावरून एक बारीक तिरकी रेघ ओढली आणि शेवटी डाग जिथे डावीकडे सरकला होता तिथे तीही वळवली. बाबांच्या नियमाविरुद्धची, त्यांच्या हातात कधीच नसलेली रेघ. सगळं उरकायला किती वेळ लागला असेल, दहा मिनिटं, पंधरा. एका नावाला एवढा वेळ लागत नसतो, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक? आणि ब्लेडचा आवाज त्यांनी एकतीस वर्षांत ओळखला नसेल? ते हलले नाहीत, बोलले नाहीत, डोळे उघडले नाहीत. सगळं शांत झाल्यावर, नेहमीपेक्षा जरा उशिरानं, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पुढचं." ती ते विसरली. इतकं विसरली की सतरा वर्षांनी हातानं तीच रेघ पुन्हा ओढली तेव्हा ती तिला आपली कल्पना वाटली, आपली खूण वाटली, आणि तिनं ती जगभर वाटून टाकली. दारूच्या पाट्यांवर, थडग्यांवर, लोकांच्या दंडांवर, बाबांच्या नावाखाली, तिचा झाकलेला डाग.

"काय झालं?" सर्जननी विचारलं, "काही चूक आहे का?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. या खोलीत खोटं अक्षर काढणारं एकच माणूस होतं आणि ते खिडकीशी उभं होतं. "नाही," ती म्हणाली, "प्रमाणपत्र खरं आहे." तिला तिथेच थांबता आलं असतं, कुणी काही विचारलं नसतं. पण धाकटी खुर्चीतून वळून तिच्याकडे बघत होती, आणि हा आवाज परवा या वेळेला असेल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. जे काही बोलून घ्यायचं ते आत्ताच बोलून घ्यायला हवं होतं. "हे बाबांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली, "मी लिहिलंय. त्या वर्षीची शेवटची साठ मी लिहिली. त्यांचा हात हलत होता." सर्जननी एकदा कागदाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि फोन आल्यासारखं करून ते बाहेर गेले. धाकटीनं चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाली, "किती हलत होता?" "पेला धरता येत नव्हता." "आणि मी मुलांना सांगतेय, दरवर्षी." "हो." "आणि ते फॉन्टमधलं? ते तरी त्यांचं?" "वह्या त्यांच्या होत्या. मध्ये माझी पानं किती मिसळली, ते मला आता सांगता येत नाही गं." धाकटीनं डोळे पुसले, रागानं, मनगटानं. "बाबांना एकदा तरी म्हणाली असतीस, खरं सांगून टाका म्हणून," ती म्हणाली.

परिचारिका कागद घेऊन आली. ऑपरेशनला संमती, नातेवाइकानं भरायची. "सुटं अक्षर काढा हं, मागच्या वेळी एकांचं वाचताच आलं नाही," एवढं बजावून ती पेन टेबलावर ठेवून गेली. थोरलीनं पेन उचललं आणि तिला दिसलं की आपली बोटं थरथरतायत. कंप नव्हे, नुसती लाज, पण दिसायला तेच. तिनं पटकन मूठ वळली. धाकटीनं ते पाहिलं. तिनं कागद स्वतःकडे ओढून घेतला, चष्मा लावला, मागे टेकली. "रुग्णाचं नाव," तिनं वाचलं, त्या घोगऱ्या, तुटक आवाजात, प्रत्येक शब्दाआधी गिळत, आणि कागद थोरलीपुढे सरकवला. तिनं मूठ उघडली आणि लिहिलं. अक्षर वाकडं आलं, साधंच, शाळेतलं. "वय." तिनं लिहिलं. "संमती देणाऱ्याचं नाव." इथे तिचा हात थांबला. स्वतः काढलेल्या कुठल्याही अक्षराखाली तिनं आजवर आपलं नाव घातलं नव्हतं. तिनं ते पूर्ण लिहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हलत्या हातानं. पेनचा आवाज थांबला. धाकटीनं डोळे मिटले होते.

"पुढचं," ती म्हणाली.